नाव घातलेली डबी

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि आमच्या घरात भोपळ्याला एकदम मान आला. मी शाळेत गणित शिकवते. भोपळ्याशी माझा संबंध तोवर उत्तरपत्रिकांपुरताच होता. आता तो रोज कुकरमध्ये बसायला लागला. साल काढायची, बिया काढायच्या, फोडी वाफवायच्या आणि गरम असतानाच पुरणयंत्रात घालून दांडा फिरवायचा. खालच्या पातेल्यात गुळगुळीत केशरी गर उतरतो आणि दोरे वर जाळीवर अडकून राहतात. मिक्सरमध्ये ते जमत नाही. तिथे दोऱ्यांसकट सगळंच फिरतं आणि वर फेस येतो. ही युक्ती माझी नव्हे. ती वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीची.

ती माझ्याच वयाची, बँकेत नोकरीला. तिचा मुलगा आणि माझी मुलगी साधारण एकाच सुमाराला जन्मली. पहिली ओळख झाली ती लसीच्या रांगेत. दोघींची पोरं एका सुरात रडत होती, दोघींच्या ओढण्यांवर दूध सांडलेलं होतं. बोलता बोलता कळलं की ती महिन्यापूर्वीच आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली आहे आणि आम्ही एकाच जिन्याने चढतो. माझा नवरा मुंबईला, महिन्यातून एकदोनदा येणार. तिचा इथेच, पण त्याला पोराचं लंगोट कुठल्या बाजूने बांधायचं ते अजून कळलेलं नव्हतं. तेव्हा दोघींची गत एकच, असं म्हणून आम्ही खूप हसलो.

बाळांना वरचं अन्न सुरू करायची वेळ आली तेव्हा तिने एक तोडगा काढला. फळं तिची, भाज्या माझ्या. तिच्या सासऱ्यांची थोडी बाग होती, तिथून पपई, चिकू, केळी यायची. माझी आई लांज्याच्या पलीकडच्या आमच्या गावाहून दर सोमवारी पहाटेच्या एसटीने येताना भोपळा, रताळी, उकडे तांदूळ आणायची. माझी रजा संपल्यापासून आठवडाभर आई इथे मुलीला सांभाळायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायची. एकीने एकच प्रकार करायचा, पण दोन पोरांपुरता. सकाळी बँकेत जाताना ती फळाचा गर खाली देऊन जायची, संध्याकाळी आमच्याकडून भाजी वर तिच्या सासूबाईंच्या हाती जायची. पुरणयंत्र तिचं होतं. "होळीशिवाय बाहेर निघत नाही मेलं, तुझ्याकडेच राहू दे," म्हणून तिने ते आमच्या ओट्यावर आणून ठेवलं. जास्तीचा चिकूचा गर ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून द्यायची. रोज दोन चौकोन काढायचे आणि कोमट वाटीत ठेवायचे. हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं. आईला ते मुळीच पटलं नव्हतं. "बारशाच्या पोराला बर्फाचे गोळे," म्हणायची, पण वितळवून भरवायची तीच.

आणि डबी रिकामी परत करायची नाही, हा तर आपल्याकडचा रिवाजच. त्यामुळे आमचा हा व्यवहार थांबायची सोयच नव्हती. माझ्या डबीतून चिकू खाली यायचा, तिच्या डबीतून रताळं वर जायचं.

आता माझ्याबद्दल. वर पाठवायच्या माझ्या डब्या ठरलेल्या होत्या, प्लास्टिकच्या, निळ्या झाकणाच्या. घरात एक स्टीलची डबीही होती. जाड पत्र्याची, घट्ट झाकणाची, बाळाच्या एका वेळच्या खाण्याला नेमकी पुरेल एवढी. मुलीचं उष्टावण आम्ही गावी केलं तेव्हा माझ्या माहेरच्या वाडीतल्या बायकांनी दिलेली. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं दिल्याचं समाधान नसतं. झाकणावर गोल अक्षरांत कोरलेलं होतं: बौद्धवाडी महिला मंडळ, आणि खाली गावाचं नाव. ती निवडायला आई स्वतः लांज्याच्या बाजारात गेली होती, दुकानात चार डब्यांची झाकणं लावून काढून बघितली होती, असं मला मागाहून मावशीने सांगितलं.

ती डबी मी कधीही वर पाठवली नाही.

माझं सासरचं आडनाव गावावरून पडलेलं. त्या गावातले सगळेच ते लावतात, देवळाजवळचेही आणि आमच्या वाडीतलेही. त्या आडनावाने मला आजवर पुष्कळ वाचवलं आहे. कोणी विचारलं की मी आडनाव सांगते, लोक मनातल्या मनात त्यांना हवं ते गणित करतात आणि मी ते दुरुस्त करत नाही. वर्गात चुकीचं उत्तर दिसलं की माझा हात शिवशिवतो. इथे तो बरोबर खिशात जातो.

हे असं का, तर त्यालाही एक वाटीच कारण आहे. या घरात येण्याआधी आम्ही भाड्याने राहायचो. मालकीणबाई फार लाघवी. सणावाराला त्यांच्याकडून खिरीची नाहीतर आमटीची वाटी यायची. मग आम्ही हॉलमध्ये तसबीर लावली. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. वेगळं नाव सांगायला नकोच. माझ्या लग्नात आईने दिलेली. त्यानंतर बाई एकदा भाडं न्यायला आल्या, भिंतीकडे बघितलं, गोड हसल्या आणि गेल्या. काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. फक्त वाट्या यायच्या बंद झाल्या. मी एकदा मुद्दाम त्यांच्याकडे गव्हाची खीर दिली, तर ती वाटी दुसऱ्या दिवशी घासूनपुसून, पालथी, दारात ठेवलेली सापडली. रिकामी. भांडण झालं असतं तर मी पुरून उरले असते, माझी जीभ तशी काही कमी नाही. पण रिकाम्या वाटीशी कसं भांडायचं?

म्हणून वरची मैत्रीण पहिल्यांदा "संध्याकाळी येते गं, पपई घेऊन" म्हणाली तेव्हा मी घरी येऊन पहिलं काम केलं ते तसबीर उतरवण्याचं. आतल्या खोलीत कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवली. शोकेसमधला बुद्ध मात्र राहू दिला. बुद्ध हल्ली कुणाच्याही हॉलमध्ये असतो, मनी प्लँटच्या शेजारी. त्याने काही कळत नाही. सोमवारी आई आली, तिने भिंतीकडे बघितलं, तर मी म्हटलं, "खिळा सैल झालाय, पोरीच्या अंगावर पडायला नको." आई बरं म्हणाली.

तिच्या मुलाच्या उष्टावणाला गच्चीवर मांडव होता. मी गेले, दोनदा खीर मागून घेतली, मामाच्या मांडीवरच्या बाळाचे फोटो काढले. माझ्या मुलीच्या वेळी तिला म्हटलं, "अगं, अगदी घरच्या घरी, गावाला उरकलं." गावाला शंभरेक माणसं जेवली होती. हे सगळं मी अगदी सराईतपणे करत होते, त्यामुळे ते वाईट आहे हे माझ्या लक्षातही येत नव्हतं. अंगवळणी पडलेल्या गोष्टीची लाज वाटायला आधी ती कुणीतरी बघावी लागते.

त्या आठवड्यात शनिवारी सगळ्यांनी मिळून आरे-वारेला समुद्रावर जायचं ठरलं होतं. त्यांची गाडी होती. आईचा जन्म या जिल्ह्यातला, पण आरे-वारे तिने पाहिलेलं नव्हतं. लांज्याकडच्या माणसाला समुद्राकडे कशाला काम पडतं? म्हणून ती त्या शुक्रवारी गावी न जाता मुद्दाम थांबणार होती. गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा आई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"वर दिलंस?" मी चप्पल काढताना विचारलं.

"दिलं. भोपळा न् उकड्या तांदळाची पेज. वाटून दिली, पातळ."

"कशात?"

"मंडळाच्या डबीत. ती निळी तडकली, झाकण बसत नाय तिचं."

मी आईवर ओरडले. अगदी वर्गात ओरडते तशी. तुला किती वेळा सांगितलं, त्या डबीला हात लावायचा नाही, दुसरी भांडी काय कमी आहेत का घरात. मुलगी दचकून रडायला लागली. आईने तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटता थोपटता विचारलं, "का गो? काय झालंय त्या डबीला?"

मी म्हटलं, "तिचं झाकण सैल आहे. सांडतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. चार डब्यांची झाकणं लावून, काढून ती घेतलेली होती. मग म्हणाली, "बरं. लक्षात नाय ऱ्हायलं," आणि पोरीला घेऊन गॅलरीत गेली.

शुक्रवारी सकाळी वरून फळ आलं नाही. बेल वाजली नाही. मी शाळेला जाताना उगाचच जिन्यात रेंगाळले, पण वरचं दार बंद होतं. संध्याकाळीही डबी आली नाही. तेवढ्यात फोनवर निरोप आला, "उद्या जमत नाही गं. नंतर बोलते." बस. पुढे ना हसरा चेहरा, ना कारण.

झालं. मला सगळं गणित सुटलं. मालकीणबाईंची वाटी तरी घासून परत आली होती. हिने तर डबीच ठेवून घेतली, नाहीतर टाकून दिली. मी आईला म्हटलं, उद्याचं रद्द झालं. तिने नवीन लुगडं घडी करून पुन्हा पिशवीत ठेवलं. "गाडी मिळंल का आता लांज्याची?" एवढंच विचारलं. मी म्हटलं आता राहाच.

शनिवारी सकाळी मी त्या मैत्रिणीशी मनातल्या मनात इतकी भांडले की चहा गार झाला. शिकलीसवरलेली, बँकेत बसतेस, आणि एका झाकणावरच्या चार शब्दांनी तुझं हे होतं? एवढे महिने माझ्या हातचं तुझ्या पोराने खाल्लं, ते आता बाहेर काढणार आहेस का? असली एकेक वाक्यं मी घोळवत होते. आणि मग फ्रीज उघडला तर वरच्या कप्प्यात तिचा चिकूचा ट्रे होता. मी तो घेतला, सिंकमध्ये उलटा केला आणि ओट्यावर आपटला. तपकिरी चौकोन खळखळ करत खाली पडले. नळ सोडला, तर ते लवकर वितळेनात. नुसते पाण्यात फिरत राहिले.

आई मागे येऊन उभी होती. "अन्न गो ते," ती म्हणाली.

"वास येत होता."

आईने सिंकमधला एक चौकोन उचलला, नाकाशी नेला. "कसला वास?" मग तो तिने परत ठेवला. आमच्या हातचं कुणीतरी ओतून देईल या भीतीने मी इतकी वर्षं वाकडी वाकडी चालत आले होते, आणि ओतून दिलं ते मीच. तिच्या पोरासाठी नव्हे, माझ्या पोरीसाठी तिने सोलून, बिया काढून, गाळून गोठवलेलं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात तीच होती. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, हातात आमची डबी. "अगं काय सांगू," म्हणत ती चपला काढून सरळ आत स्वयंपाकघराकडे निघाली, नेहमीसारखी. पोराला गुरुवारी संध्याकाळी लस दिली होती, घरी येईपर्यंत ताप चढला, दोन दिवस कोणी धड झोपलं नाही, तो एक निरोप कसाबसा टाकला, मग फोन कुठे पडला देवाला ठाऊक. मी तिच्या मागून धावले. सिंकमध्ये तिचे चौकोन तसेच होते. पण मी पोचायच्या आत आईने शेजारची कढई उचलून सिंकमध्ये त्यांच्यावर पालथी घातली आणि हात पुसत वळली. अगदी शांतपणे. माझी चूक झाकायला तिला विचार करावा लागला नाही.

"मावशी, तुमच्या पेजेवर निभावलं बघा," मैत्रीण आईच्या हातात डबी देत म्हणाली. "दुसरं काही तोंडात घेत नव्हता. आणि हे बघा, करायला काही वेळ झाला नाही, नुसती साखर घातलीय. रिकामी कशी द्यायची."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण जीभ पुढे गेली. "त्या डबीवर…" मी म्हटलं. "म्हणजे, झाकणावर जे आहे…"

"हो, सासूबाईंनी वाचलं. म्हणाल्या, मंडळाची आहे, जपून परत दे, लोकांना आपली भांडी लाख मोलाची असतात." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "अगं, मला पहिल्यापासून माहीत आहे. मावशी आल्या त्याच आठवड्यात जिन्यात भेटल्या होत्या. मी विचारलं कुठलं गाव, तर त्यांनी गाव, वाडी, सगळं सांगितलं."

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"तू फोटो काढून ठेवतेस ना." तिने हॉलकडे मान वळवली. "खिळा आहे, खाली भिंतीवर चौकोनी डाग आहे. मला वाटलं तुला तो विषय नको असेल. आणि आम्ही तसलं काही मानत नाही हं."

शेवटचं वाक्य तिने मनापासून म्हटलं, मला ठाऊक आहे. ते जरा टोचलंही. असलं आश्वासन फक्त आम्हालाच ऐकायला मिळतं, दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ येत नाही. पण त्या दिवशी मला तिच्यावर रागवायचा हक्क नव्हता. कढईखाली तिचा चिकू होता. ती माझ्या मुलीचा गालगुच्चा घेऊन वर गेली. जाताना म्हणाली, "ट्रे रिकामा झाला असेल तर दे, उद्या भरून देते." मी तो ट्रे धुतलेला नव्हता. तिने तसाच नेला.

आई सगळं ऐकत उभी होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. कुणाला काय सांगावं याचा तिने जिन्यात क्षणभरही विचार केला नव्हता. कुणी गाव विचारलं, तिने गाव सांगितलं. आणि मी, तिची शिकलेली लेक, तिने दिलेली तसबीर कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवत होते. खिळ्याची गोष्ट तिने पहिल्याच दिवशी ओळखली असणार. वरच्या मैत्रिणीला डाग दिसतो, तर आईला दिसणार नाही?

मी म्हटलं, "आई, माझं चुकलं."

"पोरीला भूक लागली असंल," आई म्हणाली आणि कढई उचलून सिंक धुवायला लागली.

रविवारी सकाळी ती गावी गेली. त्या दुपारी मी तसबीर परत लावली. खिळा जरासुद्धा हलला नाही. सोमवारी आई आली, तिने हॉलमध्ये शिरताच भिंतीकडे बघितलं, पूर्वीसारखे हात जोडले आणि आत गेली. मला वाटलं, सुटले. मग तिने पिशवीतून भोपळा काढला, तांदळाची पुरचुंडी काढली आणि कागदात गुंडाळलेली एक कोरी करकरीत स्टीलची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. तेवढीच, तशीच.

"हिच्यावर नाव नाय घातलेलं," आई म्हणाली. "तुला बरं पडंल."

"आणि ती?"

"ती मी घरी नेऊन ठेवली. झाकण सैल होतं ना तिचं."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमण्याला मी उत्तर देऊ शकते. तिने ते अगदी सरळ म्हटलं, सोय केल्यासारखं. शाळेला उशीर होतोय असं सांगून मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

त्या आठवड्यात रोज मी त्या कोऱ्या डबीत भोपळा भरत होते. झाकण पुसलं की त्यात आपलंच तोंड दिसायचं. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती पर्समध्ये टाकून मी बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानात गेले. लग्नसराई होती. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, नाव घालणारा माणूस कोपऱ्यात स्टुलावर बसून एकामागून एक ताटांवर मशीन चालवत होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आईही तिथे कुकरचा भाव करत होती. माझा नंबर आला.

"काय नाव घालायचं?"

मी सांगितलं.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, मोठ्याने सांगा. मशीन चालू आहे."

मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायला मी जो आवाज लावते, तो माझ्या घशातून आपोआप निघाला. "आजीकडून! खाली बौद्धवाडी! आणि त्याखाली गावाचं नाव!" मग गावाचं नावही तसंच ओरडले. कान लाल झाले. मी वळून बघितलं. कुणी मान वळवलेली नव्हती. मुलाची आई शिट्टीसकट कुकर मागत होती. नाव घालणाऱ्याने फक्त विचारलं, "बाजूला फूल काढू?" काढा म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाटली ती लाजच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एवढं केलं होतं.

आईने घरी डबी हातात घेतली, खिडकीशी नेली, अक्षरांवरून अंगठा फिरवत सावकाश वाचलं. "फूल कशाला?" म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिने पिशवीतून जुनी डबी काढली. ती नाचणीच्या सत्त्वाने गच्च भरलेली होती. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून तिने ते गावी उन्हात वाळवलं होतं. "रिकामी कशी आणायची," ती म्हणाली. दोन्ही डब्या तिने ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. कुकरची वाफ जिरली होती, मी भोपळ्याच्या फोडी पुरणयंत्रात घालत होते.

"आता दोन झाल्या," आई म्हणाली. "मंडळाची घरात ऱ्हाऊ दे. ही फुलाची वर देऊन टाक, कायमची. तिचं पोर पण माझीच पेज खाऊन वाढतंय."

कायमची म्हणजे ती डबी त्यांच्या मांडणीवर राहणार. त्यांच्या गणपतीला आलेल्या पाहुण्यांच्या हाती पडणार, सासूबाईंच्या बहिणी तिच्यातली साखर काढता काढता झाकण वाचणार, कुणाची म्हणून विचारणार. पुरणयंत्राचा दांडा माझ्या हातात तसाच थांबला.

"देते," मी म्हटलं. पण ते म्हणायला मला वेळ लागला, आणि आई माझ्याच तोंडाकडे बघत होती.